उंबरठ्यावरचा आशिया

सरांच्या घरी जाणं म्हणजे एक परीक्षाच असायची. वर्ध्याला लागून बोरगाव मेघेत, मोठ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत त्यांचं घर. आधी लोखंडी फाटक, मग फरशीचा ओटा, मग उंबरठा. फाटकाची कडी वाजली की सर खिडकीतून पाहायचे. तोंडाकडे नाही, पायांकडे. कोणी फाटकापाशीच चप्पल काढायचं, कोणी ओट्याच्या पायरीवर, कोणी अगदी उंबरठ्याला टेकवून. सिलिंडरवाला बुटासकट थेट स्वयंपाकघरात. सर कोणालाच काही म्हणत नसत. नुसतं "हं" करायचे, आणि त्या "हं"चा अर्थ काय घ्यायचा ते माणूस घरी जाईपर्यंत विचार करत बसायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक पाय ओट्यावर आणि एक खाली अशी अवघडून उभी राहिले आणि विचारलं, "सर, चप्पल इथं काढू का?"

सर एकदम खूश. "विचारणारी तू पहिलीच वो पोरी. बाकीचे आपलं मनानंच ठरवते."

सर आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. एम.ए.ला 'आधुनिक आशिया' नावाचा एक पेपर होता, तो त्यांचा. दुसरं कोणी तो घ्यायला तयार नसे, आणि सर दुसरं काही शिकवायला तयार नसत. जपान, तुर्कस्तान, इराण, सयाम, ब्रह्मदेश. ही सगळी नावं सर अशी घेत की जणू देवळी-पुलगावच्या बसला मधले थांबे आहेत. स्वतः मात्र हैदराबादच्या पुढं कधी गेले नव्हते, आणि तिथंही लग्नाला. पासपोर्ट नव्हता. कोणी विचारलं तर म्हणायचे, "मले कायले पाहिजे? आशिया इथून सुरू होते ना, आपल्या दारातून."

आणि हे ते शब्दशः मानत. युरोपातला माणूस बूट घालून घरात जातो आणि आशियातला काढून, हा त्यांचा पहिला धडा. शंभर अपवाद असतील, ते त्यांना ठाऊक होते, पण पहिल्या तासाला ते सांगत नसत. पुढचा धडा असा, की कोणत्या समाजात आधुनिकता किती आत आली हे पाहायचं असेल तर पुतळे आणि रेल्वे पाहू नका, चपला कुठं पडल्या आहेत ते पाहा. जपानच्या दरबारानं परदेशी कपडे घेतले पण घरात बूट नाही घेतले. तुर्कस्तानात एका कायद्यानं लोकांच्या डोक्यावरची टोपी बदलली, पण घराच्या दारात बूट काढायचे ते काढतच राहिले. ब्रह्मदेशात गोऱ्या साहेबानं पॅगोडात बूट काढायचे की नाही यावरून जे भांडण पेटलं, त्यातून लोकांना आपण एक देश आहोत हे समजायला लागलं. सर हे सांगताना खडू घेऊन फळ्यावर नकाशा काढत नसत. एक आडवी रेघ काढायचे. तो उंबरठा. मग रेघेच्या अल्याड-पल्याड देशांची नावं लिहायचे आणि मागं वळून विचारायचे, "हं, आता सांगा, तुमच्या घरी ही रेघ कुठी आहे?"

पोरं हसायची. "सर, आमच्या इथं तं गोठाच मधात येते."

"मंग ते लिहा ना राजेहो! काऊन लपवता?"

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आले तेव्हा त्या खोलीबाहेर 'पादत्राणे बाहेर काढावीत' असा बोर्ड होता. मोजे घातलेली पोरं आत अदबीनं बसायची, मध्ये उदबत्तीपण लावलेली मी पाहिली आहे. मग कॉम्प्युटर ऑफिसात आले, लायब्ररीत आले, आणि तो बोर्ड कधी गळून पडला कोणाला समजलंही नाही. सरांनी तो उचलून घरी आणून ठेवला होता. म्हणायचे, देव स्वस्त झाला की चपला आत येते. प्राचार्यांना हे कोणीतरी सांगितलं, त्यांना ते आवडलं नाही.

अभ्यास सहल म्हणून सर आम्हाला दरवर्षी गिरडला न्यायचे. टेकडीवर दर्गा, हिंदू-मुसलमान दोघंही जातात. बाकीची पोरं वर जाऊन, दर्शन घेऊन, फुटाणे खाऊन मोकळी. सर पायथ्याशी, जिथं चपला निघतात तिथं, बसकण मारून. एका वर्षी गर्दी होती. सर असे निवांत बसलेले पाहून एका बाईनं आपली चप्पल त्यांच्यासमोर काढली आणि म्हणाली, "भाऊ, लक्ष ठेवजो जरा." तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरा, आणि पाहता पाहता सरांभोवती चपलांचा ढीग. त्यांनी एकालाही सांगितलं नाही की बाप्पा, मी काही चपला सांभाळणारा नाही, मी प्राध्यापक आहे. आमची बस निघायची वेळ झाली तरी सर उठेनात.

"सर, चला ना, ड्रायव्हर ओरडून राह्यला."

"कसा येऊ? ते निळी चप्पलवाली बाई अजून खाली नाई आली. तिनं मले सांगतलं आहे लक्ष ठेव म्हणून."

शेवटी बस गेली. आम्ही पाचसहाजण सरांसोबत थांबलो, ट्रक पकडून समुद्रपूरला आलो, तिथून पुढं कसेबसे. आईनं घरी माझी जी काढली ती काढलीच. पण सर ट्रकात मागं बसून इतके खूश होते की कोणाला रागवताही येईना.

झेंड्याची गोष्ट मात्र हसण्यासारखी राहिली नाही. आमच्याकडे झेंडा फडकवताना पाहुणे चपला काढतात, तुम्ही पाहिलंच असेल. एका पंधरा ऑगस्टला मैदान चिखलानं भरलेलं, तरी सगळे अनवाणी. राष्ट्रगीत झालं, बुंदीचे पुडे वाटले जाऊ लागले, आणि सर एकेकाला गाठून विचारायला लागले, "साहेब, तुम्ही चप्पल काऊन काढली? कोणी सांगतलं? नियमात तं नाई." त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं हो. पण एक संचालक भडकले, म्हणाले हा माणूस झेंड्याची टिंगल करून राह्यला. सरांना खुलासा मागितला. आमच्या ऑफिसातले शिपाईदादा तेवढे शांतपणे बोलले होते त्या दिवशी. ते म्हणाले होते, "चांगलं वाटते सर, म्हणून काढतो." सर ते उत्तर आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरले. "चांगलं वाटते म्हणते! आता याच्यावर जगात एवढी पुस्तकं निघाली, पण हे चांगलं वाटणं कुठून येते ते कोणी सांगा ना." खुलाशात त्यांनी एकच ओळ लिहिली, की मी प्रश्न विचारला आणि मला उत्तर पाहिजे होतं. त्या वर्षीपासून त्यांना कोणत्याच समितीवर घेतलं नाही.

अशा माणसाकडे मी पीएच.डी. केली. म्हणजे करत राहिले. आमचं घर नाचणगावचं, भाजीपाल्याचं. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पुलगावच्या बाजारात बाबा स्वतः बसतात. मी तासिकेवर शिकवते. आज देवळी, उद्या पुलगाव, परवा आणखी कुठंतरी, वर्गात पोरं कमी आणि बसला गर्दी जास्त. पीएच.डी. झाल्याशिवाय कायम नोकरीच्या मुलाखतीत दारातही उभं करत नाहीत. म्हणून ती पदवी मला पाहिजे होती. ज्ञानाबिनासाठी नाही, खरं सांगते. विषय मोठा दणदणीत: 'आशियाई समाजांतील आधुनिकता आणि राष्ट्रीय ओळख'. घरी कोणी विचारलं ना, तर बाबा सांगायचे, "ते जपानचं काहीतरी करून राह्यली."

मी प्रकरण लिहून न्यायचे. सर वाचायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे. पण तुले पटलं का हे?"

"सर, चार पुस्तकांत तसंच आहे."

"पुस्तकाईले पटलं असंल. तुले?"

मग परत लिहायचं. सात वर्षं माझी अशी गेली बाप्पा. थकले म्हणजे किती थकले. माझ्यासोबतच्या मुलींची लग्नं झाली, पोरं शाळेत गेली, दोघीतिघी डॉक्टरही झाल्या. एकीनं तर मला सांगितलं, "तुझा सर येडा आहे, बदलून टाक." रस्त्यात मला कोणी विचारलं की कुठवर आलं, तर मी रस्ता बदलायचे.

एकदा सर आमच्या घरी आले. वांगी पाहिजे होती त्यांना, भरीत करायला. बाबा मळ्यात होते. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली ती पायात रबरी स्लिपर घालून. सर दिसताच ती घाबरून स्लिपर काढायला लागली, तसे सर ओरडले, "नका काढू! नका काढू वो बाई!" आई जागच्या जागी थिजली. मग सरांनी तिला बाजेवर बसवून असा काही तपास सुरू केला की विचारू नका. कधीपासून घालता? पहिल्या दिवशी कसं वाटलं? सासूबाई काय म्हणाल्या?

आई म्हणाली, "टाचा दुखते ना जी. टाइल्स बसवल्या तवापासून. डॉक्टरनं सांगतलं, घरात चप्पल घालत जा."

"आन् देवापाशी?"

"देवापाशी नाई घालत. ओट्यापाशी घालतो. सयपाक करतानी घालतो."

"सासूबाई?"

"त्या आधी गंज बोलल्या, लय बोलल्या. मंग त्याईचे गुडघे दुखाले लागले, त्याबी घालते आता."

सर वांगी विसरूनच गेले. फाटकापर्यंत जाऊन परत आले आणि मला म्हणाले, "पोरी, तू लिहिलं आहे का सगळीकडे हुकूम वरून आला. राजानं कपडे बदलले, सरकारनं टोपी बदलली. आन् इथं तुह्या घरात हजार वर्षाची रेघ पुसल्या गेली, ते कोणाच्या हुकुमानं? टाच दुखली म्हणून. हे लिही."

"सर, याला संदर्भ काय देऊ? तळटिपेत आईचं नाव टाकू का?"

"काऊन नाई?"

ते गेल्यावर आई मला म्हणाली, "तुहा सर बरा हाये ना वो डोक्यानं?" मी म्हटलं, मलाच ठाऊक नाही. पण मी ते लिहिलं. रडत-कुढत का होईना, चांगलं लिहिलं. सरांनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच चष्मा कपाळावर सरकवला नाही. म्हणाले, "हे पटलं तुले." तेवढंच.

आणि मग ते सगळं अडलं. सर निवृत्त झालेले होतेच, त्यांची मार्गदर्शक म्हणून मान्यता त्या वर्षी संपत होती. ती वाढवायला छापलेले शोधनिबंध दाखवावे लागतात. सरांनी आयुष्यात काही छापलंच नव्हतं. का, तर अजून पूर्ण पटलं नाही! इकडे माझ्या नोंदणीची मुदतही संपत आलेली. ती संपली की सात वर्षं पाण्यात, परत पहिल्यापासून. मी त्या दिवशी सरांवर ओरडले. जे मनात होतं ते सगळं बोलले. तुम्हाला पटत नाही म्हणून माझं आयुष्य काऊन अडवता, असंही म्हटलं. सरांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाले, "उद्या दहाच्या बसनं वर्ध्याले ये. एका ठिकाणी जाऊ."

गेलो ते एका दुसऱ्या कॉलेजातल्या प्राध्यापकांकडे. मोठं नाव, विद्यापीठाच्या समित्यांवर, हाताखाली विद्यार्थ्यांची रांग. सरांनी कधीकाळी एका चर्चासत्रात त्यांना भर सभेत विचारलं होतं, "हे तुम्हाले पटलं का?" त्यानंतर दोघं बोलत नव्हते. तेच सर आज त्यांच्या टेबलासमोर खुर्चीच्या टोकावर बसले. म्हणाले, "पोरीचं काम तयार आहे. विद्यापीठातून मार्गदर्शक बदलून घ्या. तुमचं नाव लागू द्या."

प्राध्यापकांनी प्रबंध चाळला. मग म्हणाले, "घेतो. पण एक आहे सर. तुमचं नाव कुठंच नको. ऋणनिर्देशातसुद्धा नको. उद्या कोणी म्हणालं की काम एकाचं आणि सही दुसऱ्याची, तर माझ्या गाइडशिपवर येईल आणि हिचा व्हायवा थांबेल. आणि हे आईच्या चपलेचं घरगुती जे आहे, ते काढून टाका. हसतील लोक."

मी तोंड उघडणार तोच सर म्हणाले, "चालते."

परतताना बसमध्ये मी म्हटलं, "सर, तुमच्या हाताखाली एकही पीएच.डी. झाली नाही आजवर. ही एक होती." सर खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, "तुही होऊन राह्यली ना? मंग झालं."

व्हायवा खुला असतो. नोटीस लागते, कोणीही येऊन बसू शकतं, प्रश्नही विचारू शकतं. विचारत मात्र कोणी नाही, लोक येतात समोशासाठी. माझ्या व्हायवाला आईबाबा आले होते, बाबांनी प्रेस केलेला सदरा घातलेला. परीक्षक बाहेरच्या विद्यापीठातले, वयस्कर, बारीक आवाजाचे. त्यांनी प्रबंध खरंच वाचला होता, हेच माझं दुर्दैव. पहिले दोनचार प्रश्न निभावले. मग ते म्हणाले, "बाई, हे सगळं इतरांनी म्हटलेलंच आहे. तुमचं स्वतःचं यात काय?"

जे माझं स्वतःचं होतं ते तर काढून टाकलेलं. मी मार्गदर्शकांकडे पाहिलं, त्यांची नजर मोबाइलमध्ये. परीक्षक पेन खाली ठेवून वाट पाहत होते. अध्यक्ष घड्याळाकडे पाहायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर नुसती बस दिसत होती, देवळीची, पुलगावची, जन्मभराची.

तेव्हा मागून आवाज आला, "एक प्रश्न विचारू का जी?"

शेवटच्या रांगेत सर उभे होते. कधी येऊन बसले, मी पाहिलंही नव्हतं. माझ्या मार्गदर्शकांनी झटकन मान वर केली.

अध्यक्ष म्हणाले, "विचारा."

"बाईंनी लिहिलं आहे का आधुनिकता वरच्याच्या हुकुमानं येते. मले एवढंच विचाराचं आहे, याच्या उलट त्याईनं कुठी पाह्यलं का? पुस्तकात नाई. डोयानं."

आणि मी बोलायला लागले. आईच्या टाचा, टाइल्स, डॉक्टर, आजीची बोलणी आणि मग आजीचे गुडघे. देवापाशी नाही पण ओट्यापाशी हो. एका घरात एकाच वेळी दोन रेघा कशा राहतात ते. जपानी घरातली संडासापुरती वेगळी ठेवलेली चप्पल आणि आमच्या आईची स्वयंपाकघरातली चप्पल यांत काय सारखं आणि काय नाही ते. किती वेळ बोलले कोण जाणे. आई मागं बसून पदरात तोंड लपवत होती, लाजेनं. परीक्षक पुढं झुकून ऐकत होते. मी थांबले तेव्हा ते म्हणाले, "अहो, हे प्रबंधात का नाही? हेच तर तुमचं आहे!" मग मागं पाहत त्यांनी विचारलं, "आणि हे गृहस्थ कोण? यांना तुमचं काम चांगलंच माहीत दिसतं."

माझे मार्गदर्शक घाईघाईनं म्हणाले, "रिटायर्ड आहेत. असेच येतात कुठंही."

असेच येतात! अट मला पाठ होती. व्हायवा थांबेल हेही माहीत होतं, निकाल अजून जाहीर व्हायचा होता. पण सात वर्षं ज्या माणसानं माझं एकेक वाक्य वाचलं, त्याला 'असेच येतात' म्हणावं आणि मी ऐकून घ्यावं? तोंडातून निघूनच गेलं, "साहेब, ते असेच आलेले नाहीत. ते माझे खरे मार्गदर्शक आहेत."

परीक्षकांनी हातातल्या प्रबंधाचं पहिलं पान उलटून त्यावरचं नाव पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे? हा काय प्रकार आहे?" मार्गदर्शकांनी मोबाइल खिशात टाकला. बाबा अर्धवट उठून उभे राहिले, त्यांना एवढंच कळलं की पोरीचं काहीतरी बिघडलं.

सर अजून उभेच होते. त्यांनी हात जोडले. आणि ज्या माणसाला कधी पटल्याशिवाय एक ओळ लिहिता आली नाही, तो माणूस भर सभेत स्वच्छ आवाजात म्हणाला, "नाई साहेब. मॅडमची काहीतरी गलती होऊन राह्यली. मी याईले ओळखतही नाई. बाहेर नोटीस वाचली, विषय चांगला वाटला, म्हणून येऊन बसलो."

मॅडम म्हणाले मला.

परीक्षकांनी सरांना नीट पाहून घेतलं. त्यांना सगळं समजलं असेल असं मला आजही वाटतं. मग त्यांनी पेन उचललं आणि म्हणाले, "ठीक आहे. बाई भांबावल्या असतील." सह्या झाल्या. निकाल जाहीर झाला. हार आले, पेढे आले, फोटोसाठी सगळ्यांना पुढं बोलावलं. मी मागं पाहिलं तर सर बाकीच्या श्रोत्यांसारखे टाळ्या वाजवत होते, आणि फोटो काढून होईस्तोवर निघूनही गेले होते.

आज माझ्या नावाच्या आधी डॉक्टर लागतं. सरांनी त्या दिवशी मला ओळख दिली नाही, म्हणून लागतं.